तोंड पाहणाऱ्या नर्सबाई

खोली मागायला गेले तेव्हा नर्सबाईंनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, जात तर नाहीच नाही. हनुवटी धरली, मला ओसरीवरून उन्हात ओढलं आणि पितळी दांड्याचं भलंमोठं भिंग सरळ माझ्या नाकासमोर धरलं. मी एकोणीस वर्षांची. मागे बाबा उभे, डोक्यावर माझी पत्र्याची पेटी. बैलबाजारात दात बघतात तसं कुणी परकी बाई आपल्या पोरीचं तोंड रस्त्यावर तपासते आहे, हे बघून बाबांना पेटी खाली ठेवायचंही सुचलं नाही.

"बाई, पोरगी चांगल्या घरची हाय," ते कसंबसं म्हणाले.

"घर कोन विचारून राह्यलं? तोंडाले काय लावते ते सांग वं."

मी घाबरून खरं सांगून टाकलं. कपड्याचा साबण. माझं तोंड तेलकट, तळणाच्या कढईजवळ बसल्यासारखं. अंगाच्या साबणानं ते तेल जात नसे, म्हणून मी कपड्याच्या वडीनं घासायची.

"अस्सं! मंग आता इस्त्रीबी मारत जा तोंडाले," नर्सबाई म्हणाल्या आणि खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

ही साठच्या दशकातली गोष्ट. मी मास्तरणीच्या ट्रेनिंगसाठी बालाघाटला आले होते. आमचं गाव राजेगावच्या अलीकडे, नदीच्या या, हिंदी मुलखाच्या अंगाला. घर बौद्ध, नातीगोती सगळी गोंदिया-भंडाऱ्याकडची. नर्सबाई आमच्यातल्याच. आधी उकव्याच्या खाणीवर दवाखान्यात नर्स होत्या, नोकरी सोडून बालाघाटला स्टेशनामागे दोन खोल्या बांधून राहिल्या. एक स्वतःला, एक आम्हा ट्रेनिंगच्या तीन मुलींना. नवरा नाही, मूल नाही. रोज सांजसकाळ जेवण त्या स्वतः रांधून आम्हाला वाढायच्या. बोलताना मराठीतून हिंदीत कधी जायच्या आणि कधी परत यायच्या, त्यांचं त्यांना कळत नसे.

आता माझ्या तोंडाचं सांगते, कारण सगळी कथा त्यावरच अडलेली आहे. माझ्या नाकावर आणि गालांवर छिद्रं होती. थोडीथोडकी नाहीत, संत्र्याच्या सालीवर असतात तशी, आणि त्यांत काळे ठिपके. पहिलं स्थळ आलं, त्या मुलाच्या मावशीनं चहा पिता पिता सांगून टाकलं, "पोरीच्या तोंडावर भोकं हायेत." दुसऱ्यांनी घरी जाऊन तेच पत्रात कळवलं. गावात एक विधुर होता, चार लेकरांचा, बाबांच्याच वयाचा म्हणा ना. त्यानं मागणी घातलेली. बाबा वाईट नव्हते हो, थकले होते. मला सोडून जाताना मोटारस्टँडवर त्यांनी स्पष्ट सांगितलं, "तिसरं स्थळ नाही म्हनलं का ट्रेनिंग बंद. मंग मी त्याले हो म्हनून देतो." तिसरं स्थळ येईपर्यंत मला मुदत होती. मग मी तोंड घासणार नाही तर काय करणार?

नर्सबाईंचा दिवस आमच्या तोंडांनी सुरू व्हायचा. विहिरीपाशी तिघींना ओळीनं उभं करायचं, भिंग घेऊन एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत जायचं. कपाळ, गाल, हनुवटी. कान मुडपून त्याच्या मागेसुद्धा. मी एकदा चिडून म्हटलं, "बाई, भोकं नाकावर आहेत, कानामागे काय पाहता?" तर त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली.

"भोक नोको म्हनू. भोक फाटक्या चड्डीले असते. याले रंध्र म्हन्ते, रंध्र. एक तेलाचं, एक घामाचं. दोन्ही आपापलं काम करून राह्यले. तू कोन त्यायले शिव्या देनारी?"

उन्हाळ्यात तर आणखी गंमत. सकाळची तपासणी भर दुपारवर जायची. "घाम फुटू दे, मंग पाह्यतो," म्हणायच्या. मे महिन्यातलं बालाघाटचं ऊन! आम्ही तिघी अंगणात उभ्या, घामाच्या धारा लागलेल्या, आणि ही बाई एकेकीचा गाल भिंगातून न्याहाळते आहे. शेजारची हिंदी बाई भिंतीवरून विचारायची, "का हो गया इनको?" आम्ही काय सांगणार, कपाळ?

पण बाई शिकवायच्या मात्र खऱ्या गोष्टी. आम्ही मुली चोरून उकळत्या पाण्याची वाफ घ्यायचो आणि मग गार पाण्याचे हबके मारायचो. वाफेनं छिद्रं उघडतात, गार पाण्यानं मिटतात, असं आमच्या ट्रेनिंगमधली प्रत्येक मुलगी छातीवर हात ठेवून सांगायची. नर्सबाईंनी एकदा पकडलं आणि पातेलं अंगणात पालथं केलं.

"दार होय का ते, उघडाले अन लावाले? त्याले कडी लावली का कोनी? मायच्या पोटातून जेवढं आलं तेवढंच राह्यते."

मला रडूच कोसळलं. "मग मी करू तरी काय? माझं लग्न मोडतं त्याच्यापायी!"

"तोंड साफ ठेव. दिवसातून दोनदा, कोमट पान्यानं. बेसन घे, बोटाच्या पेरानं फिरव, घासू नोको. जुन्या धोतराच्या फडक्यानं टिप, पुसू नोको. नख लावशीन तं बोट मोडीन. अन उन्हात जातानी पदर घे डोक्यावर."

"तरीही दिसली तर?"

"तं लोकायले म्हन, दूर उभे राहा. एवढ्या जवळून पाहाले तुमी काय माशी आहा?"

तरी माझा जीव राहिना. माझ्या काकूनं सांगितलं होतं की वैनगंगेची बारीक रेती चाळून त्या रेतीनं नाक घासलं की काळं निघतं. घासली मी. काळं निघालं नाही, सालटं निघालं. दुसऱ्या दिवशी भिंगाखाली ते दिसलं आणि नर्सबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी वाढता वाढता म्हणाल्या, "ते काळं म्हनजे मळ नव्हे वं. तेलच होय, हवा लागून काळं पडते. खानीवरच्या बायाबी अशाच रेतीनं तोंड सोलून घेत. त्यायच्या तोंडावर तं खरीच धूळ होती, तुह्या तोंडावर काय हाय?" मी खाली मान घालून भात कालवत राहिले.

घरातल्यांवर भागलं असतं तर ठीक होतं. बाईंना दुनियेचीच तोंडं लागत. एकदा त्यांच्याबरोबर मोटारीनं गावी निघाले होते. कंडक्टर तिकीट द्यायला वाकला, आणि बाईंनी त्याची हनुवटी धरली! "इधर देखो भैया, धूप की तरफ." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सगळी मोटार वळून बघते आहे. बाईंनी पिशवीतून भिंग काढलं, त्याचा गाल पाहिला, कान मुडपून पाहिला, आणि "जाओ, कुछ नहीं" म्हणून सोडून दिला.

"क्या देखा अम्मा?" तो बिचारा अजून वाकलेलाच.

"जो नहीं है वो देखा."

मोटार हसली. मीही हसले. बाई खुळ्या आहेत, पण मनाच्या चांगल्या आहेत, असं मी त्या काळात दहा जणांना तरी सांगितलं असेन.

बेसनानं आणि कोमट पाण्यानं माझं तोंड सहा-आठ महिन्यांत निवलं. छिद्रं होती तिथंच होती, पण लाली गेली, पुरळ गेलं, काळे ठिपके विरळ झाले. आणि मग मे महिन्यात तिसरं स्थळ आलं.

मुलगा राजेगावकडचाच, प्राथमिक शाळेत मास्तर. बघण्याचा कार्यक्रम नर्सबाईंच्या ओसरीवर ठरला, कारण बालाघाट दोन्हीकडच्यांना सोयीचं. मुलगा, त्याचे वडील आणि आत्या आली. ही आत्या आमच्या भागात प्रसिद्ध होती. ती मुली बघायला जाताना ओलं फडकं घेऊन जायची आणि पावडरीखाली काय दडवलंय ते बघायला मुलीचं तोंड पुसायची. लोक तिला भ्यायचे आणि आपल्या घरच्या बघण्यालाही तिलाच न्यायचे, अशी गंमत.

चहा झाला. आत्यानं पितळी डब्यातून ओलं फडकं काढलं आणि सगळ्यांदेखत माझं तोंड पुसलं. खसाखसा. नर्सबाईंनी पावडर लावूच दिली नव्हती, त्यामुळे फडक्याला काही लागलं नाही. आत्या वाकून वाकून बघते आहे. शेवटी म्हणाली, "पावडर नाही, पन भोकं तं हायेत."

बाबांनी मान खाली घातली. संपलं. चार लेकरांचा तो विधुर मला समोर दिसायला लागला.

तेवढ्यात नर्सबाई उठल्या. आत्याच्या हातातलं फडकं त्यांनी काढून घेतलं, आतून धुऊन आणलं आणि म्हणाल्या, "आता पोराचं पुसा."

"काय म्हन्ता बाई?"

"पोरीचं पुसलं ना? पोरालेबी तोंड हाय. तुमी नाही पुसत तं मी पुसतो."

आणि पुसलं हो! मुलानं पावडर चोपडली होती, त्या काळी मुलगेही चोपडायचेच. फडकं पांढरं झालं. तो लाजून लाजून लाल, त्याचे वडीलही हसायला लागले, बाबा पहिल्यांदा हसले, मी पदरात हसले. आमच्याकडे मुलाचं तोंड कुणी पुसलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. सगळे हसत होतो, आणि नर्सबाईंचं हसू मध्येच थांबलं.

त्यांनी भिंग मागितलं. आम्ही सगळे घामानं निथळत होतो. ओसरीवर पंखा कुठला. पुसल्याबरोबर मुलाच्या कपाळावर, ओठावर, गालावर पुन्हा घामाचे थेंब आले. डाव्या कानापुढे मात्र रुपयाएवढी जागा कोरडी. रंगानंही जरा फिकी. आम्हाला कुणाला ते कळलंही नसतं. बाईंनी कान मुडपून पाहिला, देवळीतली कापसाची वात घेतली, तिचं टोक पिंजलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "डोळे मिट बेटा. कापूस लागन तिथं बोट ठेव."

कपाळावर लावला, त्यानं कपाळावर बोट ठेवलं. हनुवटीला लावला, हनुवटीला ठेवलं. मग त्या कोरड्या जागेवर लावला. तो डोळे मिटून बसून राहिला. बाईंनी पुन्हा लावला. पुन्हा.

"लावता ना बाई?" तो हसत म्हणाला.

अगं आई गं! ते हसू मला आजही दिसतं. कापूस त्याच्या गालावर होता, आम्ही सगळे बघत होतो आणि त्या एकट्याला ठाऊक नव्हतं.

"माह्यासंगं जरा आत ये," एवढंच बाई म्हणाल्या. पण बाबांना उमगलं होतं. ते ताडकन उठले आणि महारोगाचा तो शब्द बोलून गेले, "रगतपिती!" मग काय विचारता. आत्या किंचाळली, कप लवंडले, मुलाचे वडील बाबांच्या अंगावर धावून गेले. नर्सबाई कळवळून सांगत होत्या, "अवं, सुरुवात हाय, सरकारी दवाखान्यात गोळ्या भेटते, पुरा बरा होते, मी लग्न मोडाले नाही बोलली!" कोण ऐकतं? दोन मिनिटांत ओसरी रिकामी झाली. मुलगा तेवढा तिथंच बसलेला, अर्ध्या तोंडाला पावडर. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पदर नाकाला लावला आणि आत गेले.

माझं मात्र भलं झालं, हेही सांगून टाकते. तिसऱ्या स्थळानं नाही म्हटलं नव्हतं, आम्ही म्हटलं होतं. बाबांचा शब्द मोडला नाही, ट्रेनिंग चालू राहिलं, विधुर बसला वाट बघत.

तो मुलगा पुढे दर सोमवारी बालाघाटला यायला लागला. दवाखान्यातून गोळ्या घ्यायचा, मग नर्सबाईंकडे यायचा. बाई त्याला जेवायला घालायच्या. तो येणार म्हटलं की मी खोलीचं दार लावून घ्यायची. तो गेला की तो बसायचा ती जागा फिनेलनं पुसायची. एका सोमवारी मी आणखी पुढे गेले. त्याची जेवलेली ताटली धुतली आणि घरात न आणता बाहेरच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवली, पुढच्या वेळेला त्यालाच द्यायला.

नर्सबाईंनी ती पाहिली. "काहून वं, हे ताटली बाहेर काहून?"

"त्याची आहे ती."

"मंग माहीबी ठेव."

मला अर्थ लागला नाही. त्यांनी पाठ केली, अंबाडा वर उचलला. मानेवर, केसांच्या खाली, तळहाताएवढा फिका डाग होता.

"लाव हात. मले लागत नाही. उकव्याले होतो तेव्हा आलता. आरशात दिसे ना, कोनी सांगे ना. दीड वर्सानं डॉक्टरनं पाह्यलं. गोळ्या खाल्ल्या, बरी झाली, धा वर्सं झाले. कोनाले लागत नाही आता माह्यापासून. डाग तेवढा राह्यला. तिथं घाम नाही येत, बस."

मी हात लावला नाही. काय केलं सांगू? मनात मोजायला लागले. दीड वर्ष या हातचा भात. या हातची भाकर. रोज सकाळी माझ्या हनुवटीला हेच बोट. मी मोरीकडे धावले. ओकारीचा आवाज बाईंनी ऐकला, ऐकलाच असणार, घर ते केवढं. मी स्वतःला चांगलं दाखवायला हे लिहीत नाही, झालं तसं लिहिते आहे.

त्या रात्री पडल्या पडल्या मला समजलं की बाई आमचं रूप बघतच नव्हत्या. रोज सकाळी, भर उन्हात, मोटारीत, त्या एकच शोधत होत्या: कुणाच्या तोंडावर घाम यायचा थांबला आहे का. त्यांचा डाग कुणी वेळेत पाहिला नव्हता, म्हणून त्या सगळ्यांचे बघत होत्या. समजलं, आणि तरी चौथ्या दिवशी मी पेटी भरली. अभ्यास घरूनच करते, असं खोटं सांगितलं. त्या हो म्हणाल्या.

बाबा न्यायला आले. वाटेत राजेगावच्या अलीकडे मोटार एका चहाच्या हॉटेलापाशी थांबायची. सगळे उतरले, बाबा उतरले नाहीत. ते तिथं कधीच उतरत नसत. तहानेनं जीव गेला तरी नाही. मी खिडकीतून पाहिलं. हॉटेलच्या बाहेर, भिंतीच्या कोनाड्यात, एक कान तुटलेला कप ठेवलेला होता. आमच्या लोकांसाठी. पिऊन आपला आपण धुवायचा आणि परत तिथंच ठेवायचा.

चार दिवसांपूर्वी मी ती ताटली कुठं ठेवली होती? असाच कोनाडा. शिकलेली मी, मास्तरीण होणारी मी, आणि हे मला कुणी शिकवलं? मी बाबांना म्हटलं, "पेटी उतरवा. मला परत जायचंय." बाबांनी पेटी उतरवली. कारण मी सांगितलं नाही, मला सांगता येईना.

दुपारच्या मोटारीनं परतले. नर्सबाई चुलीपुढे होत्या. "काय इसरली?" म्हणाल्या. मी ताट घेऊन त्यांच्यापुढे बसले.

"मले भूक लागली बाई. वाढा."

"तूच घे वं. डाव ते पाह्य, भात ते पाह्य."

"तुम्ही वाढा."

त्या माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिल्या, भिंगाशिवाय. "हात लागन माहा."

"लागू द्या."

मग त्यांनी वाढलं. परीक्षेपर्यंतचे दोन महिने रोज वाढलं. मी पास झाले, नोकरी लागली, विधुराचा विषय आपोआप मिटला. तो मुलगा बरा झाला, पुढे त्याचं लग्नही झालं. त्या लग्नात नर्सबाई मुलाच्या बाजूनं बसल्या होत्या म्हणे. मला बोलावणं नव्हतं आणि नसावंच.

पण ते वाढणं सांगायचं राहिलं. आधी बाई ताटाला हात टेकवून, भात बोटांनी दाबून, वर आमटीचा खळगा करून वाढायच्या. परत आल्यापासून त्यांनी वरून वाढलं. डाव हातभर उंच धरून, ताटाला कुठं लागणार नाही असा. आमच्या आजोबांच्या ओंजळीत लोक पाणी ओतायचे तसं. रागानं करत असत्या तर मी पाया पडून मिटवलं असतं. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. भात सांडायचा, तो त्या गोळा करायच्या आणि विचारायच्या, "आता ठीक हाय ना वं? नाही लागला ना?"